कोठीतलं मेज

माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधून टांगतात त्या लाकडी चौकटीला, वर्षातून एकदाच हात लागतो, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात. यंदा मी ती एप्रिलमध्येच कोठीतून बाहेर काढली आणि अंगणात उन्हाला ठेवली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पडवीत भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसल्या होत्या. लाकडी चौकट डोक्यावर घेऊन मी समोरून गेले तसा त्यांचा हात थांबला.

"माटोळी कित्याक काडली गो?"

"कोठीत मेज घालायचंय, आई."

त्या यावर काही बोलल्या नाहीत. पुढचं भिरंड उचललं, फोडलं, बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्या. मला त्यांचं गप्प राहणं वाचता येतं. कोठी त्यांची होती. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे ५० वर्षांहून जास्त काळ, त्या खोलीत काय कुठे आहे हे अंधारातही सांगू शकणारी एकच व्यक्ती घरात होती.

गोव्यातल्या सावईवेऱ्यात आमचं घर कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, काठाला आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं, मागच्या दारातून चार पायऱ्या उतरलं की पोफळी सुरू. घरात बोलणं कोकणीत, वाचणं-लिहिणं मराठीत. गोव्यातल्या कितीतरी घरांत असंच आहे. मी मूळची सावंतवाडीची. मराठी पुस्तकांचं मुद्रितशोधन करते, मधूनमधून भाषांतरं. या कामाला फार काही लागत नाही. लॅपटॉप, कागदांचा गठ्ठा, दोन-तीन शब्दकोश, पेन्सिल आणि अर्धवट टाकलेलं काम सकाळी जसंच्या तसं सापडेल अशी जागा.

ही शेवटची गोष्ट मला १७ वर्षं नव्हती. मी जेवणाच्या टेबलावर काम करायचे. साडेबारा वाजले की सगळं उचलायचं, तीनला पुन्हा मांडायचं, सातला लेकीचा अभ्यास, नऊला जेवणं. ज्यांनी मुद्रितं तपासली आहेत त्यांना माहीत असेल, या कामात नजर एका लयीत लागते. पहिली वीस मिनिटं ती लागतच नाही. मग कधीतरी डोळे शब्दाचा अर्थ सोडून अक्षरांवर चालू लागतात आणि चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ पायात खडा टोचावा तसा टोचतो. ती लय मी दिवसातून तीनदा मोडत होते. एकदा पूर्ण तपासून झालेला सोळा पानांचा फर्मा सोलकढीत भिजला. पानं मी दोरीवर वाळवली, दुरुस्त्या नव्या प्रतीवर उतरवल्या आणि त्यात माझा एक अख्खा दिवस गेला. कुणाचीच चूक नव्हती. जेवणाच्या टेबलावर सोलकढी असणारच.

एकदा प्रयत्न केला होता. २०२०च्या टाळेबंदीत घरबसल्या एक टेबल मागवलं. खोक्यात चपट्या फळ्या, स्क्रूंची पिशवी, एलन की आणि चित्रांचा कागद. तासाभरात उभं राहिलं, पांढरंशुभ्र. ते आम्ही झोपायच्या खोलीत भिंतीला चिकटवून ठेवलं. पहिला पावसाळा त्याने काढला. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीकडची कड फुगली, मग पांढरा थर सुटून उभा राहिला, आतून भिजलेल्या भुशासारखं काहीतरी दिसू लागलं. ते भुशाचंच होतं. लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी ती. तिच्या उघड्या कडेतून ओल आत शिरली की चुरा फुगतो आणि सुकल्यावर पुन्हा पूर्वीच्या जागी बसत नाही. स्क्रूला धरायला काही उरत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि कुळागराच्या काठच्या घरात जुलैमध्ये उशीसुद्धा दमट लागते. ज्याने ते टेबल बनवलं त्याच्या डोळ्यांपुढे असलं घर नव्हतं. २०२२च्या ऑगस्टमध्ये त्याचा एक पाय निखळला. मी पुन्हा जेवणाच्या टेबलावर आले.

म्हणून यंदा मेज घरच्याच लाकडाचं करायचं ठरवलं. गोव्यात टेबलाला मेज म्हणतात, खुर्चीला कदेल. पोर्तुगीजांचे मेझा आणि कदेइरा. सुताराला म्हणतात मेस्त, तोही त्यांच्याच मेस्त्रेपासून आलेला. लाकूड मात्र आमच्या मागच्या परसातलं होतं.

१६ मे २०२१च्या रविवारी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. आमच्याकडे रात्रीपासूनच वारा सुटला होता. सकाळी मोठा आवाज झाला, पोफळी मोडताना होतो तसा कडकड नव्हे, जमिनीतून आल्यासारखा जड. मागचा रसाळ फणस मुळासकट आडवा झाला होता. माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेला. त्याचे गरे घशात सुळकन उतरायचे आणि आई त्यांच्या रसाची साठं घालायच्या. चार दिवस वीज नव्हती, रस्ते झाडांनी अडलेले, आणि बाबा, माझे सासरे, काठी टेकत त्या फणसाभोवती फिरत होते. पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांनी तो कापवून घेतला. फळ्या माळ्यावर रचल्या, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पोफळीच्या पट्ट्या घालून, म्हणजे चारी बाजूंनी वारा लागेल. फळीवर फळी थेट ठेवली तर मध्ये ओल अडकते, बुरशी धरते, लाकूड पीळ खातं. इंचभर जाडीला निदान एक वर्ष वाळवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा बेत देवघराच्या नव्या दाराचा होता. २०२३मध्ये ते गेले. दाराचं कुणी पुन्हा काढलं नाही.

त्या फळ्या मागायला मला धीर होत नव्हता. शेवटी नवऱ्यानेच आईंकडे विषय काढला. आई म्हणाल्या, दाराला तीन पुरतात, वर पाच आहेत.

आता कोठी. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद, पश्चिमेला एक खिडकी, छपरात एक काचेचं कौल. तिथे काय होतं ते मी वहीत लिहून काढलं होतं, कारण प्रत्येक वस्तूला जागा दिल्याशिवाय ती हलवायची नाही, हे मी स्वतःलाच बजावलं होतं. सोललेल्या सुपारीची दोन पोती. खोबरेलाचे डबे. मिठातल्या आंब्यांच्या बरण्या, सोलांची बरणी, हातभर उंचीची चिनी मातीची आणखी एक, तिच्यात काय होतं हे आईंनाही उघडूनच सांगता आलं. तांब्याचं भाण, ज्यात पूर्वी न्हाणीत पाणी तापायचं. बाबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, जिच्या भात्याला भोक पडलंय. दोन घुमटं, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं ताणून केलेली वाद्यं. जुनं घोरपडीच्या कातड्याचं, नवं बकरीच्या. घोरपड मारायला कायद्याने बंदी आहे आणि ते योग्यच आहे. पण जुन्या घुमटाचा खोल आवाज मी या घरातल्या आरत्यांमध्ये ऐकलाय आणि तो कानांतून जात नाही. २०१९मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. आमच्या कोठीत ते पोत्यांमागे होतं, मातीचं भांडं, एका धक्क्याने फुटलं असतं. शिवाय लेकीचा पाळणा, मोडका पंखा, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, आणि सगळ्यांच्या वर, भिंतीला टेकवलेली माटोळी.

अडगळ हा शब्द मला त्या खोलीसाठी वापरवेना. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी कामाची होती किंवा होऊन गेली होती. फरक एवढाच की कामाच्या वस्तू आणि कामातून गेलेल्या वस्तू एकमेकींवर चढल्या होत्या, आणि घुमट काढायला पाळणा हलवावा लागत होता. आई आणि मी तीन दिवस ते करत होतो. मी विचारायचे, त्या सांगायच्या. पाळणा त्यांच्या भाचीकडे गेला, तिच्याकडे ऑगस्टमध्ये बाळ येणार होतं. पोती पडवीतल्या फळ्यांच्या मंचावर. भाण त्या सोडायला तयार नव्हत्या, म्हणून ते अंगणात तुळशीशेजारी आलं आणि आता त्यात कमळाचा कांदा लावलाय. पेटी राहिली. पंखा गेला. लग्नपत्रिका एकेक वाचून झाल्याशिवाय जाईनात. त्या दुपारी काही काम झालं नाही, पण मला या घराच्या दोन पिढ्यांची नाती कळली, जी १७ वर्षांत विचारायचं राहून गेलं होतं.

बरण्या हा अवघड प्रश्न होता, कारण कोठी घरातली सर्वांत थंड खोली आणि लोणची तिथेच टिकतात. त्या राहिल्या. खिडकीच्या विरुद्ध भिंतीला, तळाच्या फळीवर. वरच्या दोन फळ्या शब्दकोशांना. मी कामाला बसते तेव्हा उजवीकडून मिठातल्या कैरीचा वास येतो.

मेस्त आले ते मेच्या पहिल्या आठवड्यात. सत्तरीचे असतील. माळ्यावरून फळ्या उतरवल्या तेव्हा त्यांनी आधी बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला, मग रंध्याने एक पदर काढला. वरून करड्या पडलेल्या फळीच्या आतून हळदीसारखा पिवळा रंग आला. फणसाचं लाकूड ताजं पिवळं असतं, मग हवा आणि उजेड लागून वर्षावर्षाने तांबूस तपकिरी होत जातं. वाळवी त्याच्या सहसा वाटेला जात नाही. दक्षिणेत मृदंगाचं खोड फणसाचंच करतात. सावंतवाडीत आमचं घर चितारआळीपासून जवळ होतं, त्यामुळे रंधलेल्या लाकडाचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. तो वास पडवीभर पसरला आणि आईसुद्धा आतून बाहेर आल्या. मूठभर भुसा उचलून त्यांनी हुंगला आणि काही न बोलता आत गेल्या.

पायांसाठी माट्टीचे जुने वासे होते, छप्पर दुरुस्त केलं तेव्हाचे. घाटावर ज्याला ऐन म्हणतात तीच ही माट्टी, गोव्याचा राज्यवृक्ष. करवतीला जड जातं, पण साठ-सत्तर वर्षं कौलांचा भार पेललेलं लाकूड आता लॅपटॉपच्या भाराने वाकणार नाही, हे उघड होतं.

दोन फळ्या कडेला कड जोडून ६१ सेंटिमीटर रुंदी झाली. मला वाटलं होतं, हा तक्ता चौकटीवर स्क्रूंनी आवळला की झालं. मेस्तांनी तसं केलं नाही. चौकटीच्या आतल्या बाजूने त्यांनी पटाशीने खाच काढली, लाकडाचे छोटे गुटके केले, एका टोकाला जीभ असलेले. गुटका खालून तक्त्याला स्क्रूने बसवायचा आणि त्याची जीभ चौकटीच्या खाचेत अडकवायची, पुढे दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडून. तक्ता वर उचलता येत नाही, पण रुंदीच्या दिशेने सरकू शकतो. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला?

"लांकूड जिवें आसता, बाय," ते म्हणाले. "ताका स्वास घेवपाक जागो जाय."

मग रंधा बाजूला ठेवून त्यांनी मला नीट समजावलं. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं, उन्हाळ्यात सोडतं आणि आकसतं. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, ते जवळजवळ हलत नाही. हलतं ते आडवं. तुम्ही त्याला चारी बाजूंनी स्क्रूंनी जखडलंत तर ते थांबणार नाही, कुठेतरी तडकून वाट काढील. त्यांच्या वडिलांनी देवळाच्या दारांना अशाच मोकळ्या खाचा ठेवल्या होत्या. हे ऐकून मी त्याच दिवशी तक्त्याची रुंदी टेपने मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवली.

उंची ठरवताना मात्र आमचं जमेना. मेस्त म्हणाले, मेजाची उंची अडीच फूट, सगळीकडे तीच. ७५ सेंटिमीटर. बाजारातलं कुठलंही टेबल मोजा, साधारण तेवढंच भरेल. माझं जेवणाचं टेबल तेवढं, ते फुगलेलं पांढरं टेबलही तेवढंच होतं. आणि मला गेली सात-आठ वर्षं उजव्या खांद्यापासून मानेपर्यंत दुखतं. फोंड्याला एका फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी मला खुर्चीवर बसवून, कोपर कंबरेशी काटकोनात धरायला लावून विचारलं होतं, घरी टाइप करताना हात इथे असतात का? नव्हते. घरी ते बरेच वर असायचे, खांदे कानांकडे उचललेले, रोज सहा तास.

म्हणून त्या दुपारी मी मेस्तांकडून टेप घेतला आणि स्वतःला मोजलं. माझी उंची १५३ सेंटिमीटर. अनवाणी पायाच्या तळव्यापासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत ३९. बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत २३. अनवाणी म्हणते, कारण आपण घरात अनवाणीच असतो. ७५ सेंटिमीटरचं टेबल हे बूट घालून बसणाऱ्या, माझ्याहून वीतभर उंच माणसाच्या अंगाला बेतलेलं आहे. नवी खुर्ची आदल्याच दिवशी खोक्यातून आली होती. ती आम्ही जोडली: पाच फाट्यांचा पाया, त्यात दाबून बसवायची चाकं, मधला उचल-खाली होणारा दांडा, बैठकीखालचे चार बोल्ट. बोल्ट आधी चारही अर्धे फिरवायचे आणि मग आवळायचे, एकच पुरता आवळला तर उरलेल्यांची भोकं जुळत नाहीत. हे लेकीने तिसऱ्या प्रयत्नात शोधलं. ती खुर्ची अगदी खाली आणली तरी बैठक ४३ सेंटिमीटरवर राहते. ४३ अधिक २३ म्हणजे ६६. त्यातून कीबोर्डची दोन सेंटिमीटर जाडी वजा. माझ्या मेजाची उंची ६४ सेंटिमीटर.

मेस्तांना आकडा पटला नाही. "पोरांचं मेज होईल ते," ते म्हणाले. मी वाद घालत होते आणि मागे स्वयंपाकघरात आई आडोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवत होत्या. मी कितीदा पाहिलंय ते दृश्य, पण हातात टेप असताना पहिल्यांदाच पाहिलं. एक गुडघा उभा, एक पाय आडोळीच्या पाटावर, पातं बरोबर छातीच्या खाली, खांदे सैल, पाठ सरळ. खवणीचा दात मनगटाच्या उंचीवर. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई दोन नारळ खवून उठते आणि कुठे हात चोळत नाही. ती आडोळी त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी त्यांच्या गावच्या मेस्ताकडून करून दिलेली, त्यांना बसवून, माप घेऊन. हे मला त्यांनीच मागे कधीतरी सांगितलं होतं. या घरात नारळ खवण्याला उंची होती. रगड्याला होती, चुलीच्या ओट्याला होती, बाबांच्या हिशेबाच्या उतरत्या पेटीला होती, जिच्यासमोर ते मांडी घालून तासन्‌तास जमाखर्च लिहायचे. माझं काम या घरात नवं होतं, त्याचं माप अजून कुणी घेतलं नव्हतं.

मी मेस्तांना स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं आणि नुसतं दाखवलं.

ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आधी ६६ वर कापतो. दोन दिवस बस. मग सांग. कापलेलं जोडता येत नाही." दोन दिवस मी ६६ वर बसले, तिसऱ्या दिवशी त्यांनी चारही पायांचे दोन-दोन सेंटिमीटर काढले. त्या चार चकत्या मी जपून ठेवल्यात. एक कागदांवर वजन म्हणून असते.

त्यानंतर खोलीत ते कुठे ठेवायचं. खिडकीसमोर तोंड करून बसले असते तर पोफळी दिसल्या असत्या, पण दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत. खिडकीकडे पाठ केली तर तेच ऊन पडद्यावर. म्हणून मेज खिडकीला आडवं लावलं, उजेड डावीकडून येईल असं. मी उजव्या हाताने लिहिते, तेव्हा हाताची सावली अक्षरावर पडत नाही. काचेच्या कौलाचा विचार सुटला होता. मेमध्ये अकराच्या सुमाराला वहीएवढा उन्हाचा एक चौकोन मेजाच्या टोकाला उतरतो आणि एक वाजेपर्यंत हळूहळू आडवा चालत जातो, नेमका कीबोर्डवरून. पहिल्या दिवशी त्रास झाला. आता मी त्या वेळात पडद्यावरचं काम ठेवत नाही, कागदावरची मुद्रितं घेते. त्या चौकोनात पेन्सिलची खूण इतकी स्पष्ट दिसते.

मेज भिंतीपासून एक वीत लांब आहे. चिरा पाणी पितो. पावसाळ्यात जमिनीतून ओल भिंतीत चढते आणि भिंतीला टेकलेलं काहीही काळं पडतं. त्या मोकळ्या वितीतून वारा फिरतो, झाडू जातो आणि तारा उतरतात. कोठीत विजेचं एकच बटण होतं, बल्बचं. जवळच्या खोलीतून दाराच्या चौकटीवरून पट्टीतून तार आणून आम्ही तिथे तीन प्लग बसवले, मेजाच्या उंचीवर, वाकावं लागू नये म्हणून आणि सहज उपटता यावेत म्हणूनही. मेच्या अखेरीला आणि ऑक्टोबरमध्ये इथे संध्याकाळी गडगडाट होऊन विजा पडतात. ढग वाजला की सगळे प्लग काढायचे, हा घरचा नियम आहे. लॅपटॉप दोन जाड शब्दकोशांवर ठेवलाय, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल एवढा, आणि हात लांब केला की बोटं पडद्याला टेकतात एवढ्या अंतरावर. कीबोर्ड वेगळा.

जमीन जुन्या लाल सिमेंटची, सरळ नाही. पाणसळ आणायची गरज पडली नाही. माझी गोल पेन्सिल मेजावर ठेवली की ती खिडकीकडे गडगडत जायची. मेस्तांनी पोफळीची पातळ पाचर एका पायाखाली ठोकली, पेन्सिल ठेवली, अजून थोडी ठोकली. पेन्सिल थांबली. तक्त्याला वरून जवसाचं तेल तीन हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस सोडून. पायांच्या तळांना काजूच्या टरफलांचं तेल, वाळवीसाठी. ते अंगाला लागलं तर फोड येतात, म्हणून ते काम त्यांनी मला करू दिलं नाही.

पहिल्या सकाळी मी बसले तेव्हा आई चहा घेऊन दारात आल्या. मेजाकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्या पायांकडे पाहिलं. टाचा जमिनीपासून वर होत्या. बैठक ४३, माझा पाय ३९, ते चार सेंटिमीटर मी हिशेबात धरले होते आणि त्यांचं काय करायचं हे ठरवायचं राहिलं होतं. आई गेल्या आणि जेवणाच्या पंगतीचा एक पाट घेऊन आल्या. पायांशी ठेवला. "आता टेक," म्हणाल्या. मी नंतर मोजला. बरोबर चार.

जूनमध्ये पाऊस लागला. मी रोज तक्त्याच्या कडा चाचपत होते. जुलैच्या शेवटी टेप लावला: ६१ सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर. खाली वाकून टॉर्चने पाहिलं, गुटक्यांच्या जिभा खाचेत पुढे सरकल्या होत्या. कुठे तडा नाही. शब्दकोशांच्या कण्यांवर मात्र बुरशी आलीच. आईंच्या माहेरी पूर्वी कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवायचे, त्याच्या उबेने कपडे कोरडे राहायचे. हल्लीच्या एलईडीला तशी ऊब नसते आणि जुना पिवळा बल्ब फोंड्यात तीन दुकानांत विचारल्यावर एका ठिकाणी मिळाला. तो आता शब्दकोशांच्या फळीवर संध्याकाळी दोन तास जळतो, पुस्तकांपासून हातभर लांब.

माटोळीला मी जागा शोधली ती मेजाच्या वर. वाशांना दोन दोर बांधून ती छताखाली आडवी टांगली. चौकटीची आडवी-उभी पट्ट्यांची जाळी, रिकामी. काम करताना मान मोडायला वर पाहिलं की ती दिसते.

चतुर्थीला आठ दिवस असताना आई दुपारी कोठीत आल्या. दरवर्षी माटोळीच्या जिनसांची यादी त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, गुडघ्यावर वही ठेवून करतात. त्या म्हणाल्या, ऊठ जरा. मी उठले. खुर्चीला चाकं आहेत हे त्यांना आवडत नाही, म्हणून मी पाठीमागून दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. त्या बसल्या, साडी सारखी केली, पाय पाटावर ठेवले आणि माझी पेन्सिल घेतली. नारळ. सुपारीचं शिपटं. केळ्यांचा घड. तोरंजन, निरफणस, आंबाडे, फागलां, घागऱ्या. बांधायला केवणीचे दोर. अक्षर अजून वळणदार आहे. एका शब्दापाशी पेन्सिल थांबली.

"कवंडाळ लिहू की कौंडाळ?"

"कवंडाळ," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ सुरू केली.